स्टेशनामागून आलेली हाक

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचायचे. धुळ्याला देवपुरात राहते, ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. स्टाफरूममध्ये असले विषय निघाले की पहिली टिंगल माझी असायची. गेल्या मे महिन्यापासून मी गप्प बसते.

माझी आत्या — आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो — जळगावला मेहरूणमध्ये राहते. वय ऐंशीच्या घरात. तिचं लहानपण छोट्या, नॅरोगेज गाडीच्या लाइनवरच्या एका स्टेशनात गेलं. आजोबा तिथे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. वाफेचं इंजिन तिथे पाणी घ्यायला थांबायचं, तेवढ्यात बायका खिडक्यांशी शेंगा आणि केळी विकून घ्यायच्या. बाजार, दवाखाना, माहेर... सगळं त्या गाडीनेच. पुढे डिझेल आलं, मग गाडीच बंद झाली. आता मोठी लाइन येणार, जुनं स्टेशन पाडणार असं कानावर आलं आणि अक्काने हट्ट धरला, "माले एकदाव दखाड."

म्हणून मी आणि माझा मोठा भाऊ — आम्ही एकाच घरात राहतो — तिला घेऊन गेलो. पोहोचेपर्यंत भर दुपार झाली. रूळ उखडलेले, फलाटावर बाभळी माजलेल्या. दगडी भिंतींच्या दोन खोल्या, वर निम्मी कौलं. मागच्या बाजूला इंजिनाच्या पाण्याची विहीर, कठडा ढासळलेला. दादा निंबाखाली गाडीपाशीच थांबला. मी अक्काचा हात धरून तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेले.

अक्का खिडकीच्या गजांवरून हात फिरवत होती. तेवढ्यात इमारतीच्या मागून हाक आली.

"दादाऽऽ... ए दादा, इकडे ये ना!"

आवाज माझा होता.

सकाळपासून माझा घसा बसला होता. तो आवाजही तसाच बसलेला, शेवटी फाटणारा. माझं तोंड मात्र बंद होतं. अक्काने माझं मनगट गच्च पकडलं.

"तू हाक मारी का?"

"नाही गं..."

तेवढ्यात गाडीकडून दादाचं उत्तर आलं — "ओ, आलो!" आणि तो वाळक्या पाचोळ्यातून मागे निघाल्याचा आवाज.

मी ओरडणार होते. पण अक्का म्हणाली, "त्याले बलावू नको! तोच आवाज शे तुना!" खरंच, त्याने कुठल्या हाकेवर विश्वास ठेवायचा होता?

मी पळत सुटले. मागे गेले तर दादा ढासळलेल्या कठड्यावर पोटावर आडवा झालेला. अर्धं शरीर विहिरीत, उजवा हात खाली ताणलेला. आणि तो बोलत होता... अगदी प्रेमाने, धीर देत.

"ओढतोय ना मी. घाबरू नकोस. हात घट्ट धर."

मी त्याच्या पट्ट्याला धरून मागे खेचलं. तो हलेना. उलट खाली सरकत होता, कठड्याचे दगड सुटून आत पडत होते. "दादा, मी इथे आहे," मी म्हटलं. त्याने मान वळवली नाही. माझ्या आवाजाशी तो आधीच बोलत होता.

धापा टाकत आलेली अक्का मागून ओरडली, "तोंड दखाड त्याले! तुनं तोंड!"

मी कठड्यावर त्याच्या शेजारी पडले, त्याची हनुवटी धरली आणि जोर लावून चेहरा माझ्याकडे वळवला. त्याने मला पाहिलं. मग खाली पाहिलं. पुन्हा मला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. हिसका देऊन त्याने हात वर घेतला आणि आम्ही दोघं मागे पडलो. त्याचा हात कोपरापर्यंत ओला होता. विहीर कोरडी होती — तळाला दगड आणि बाभळीच्या फांद्या मला स्पष्ट दिसल्या.

आम्ही गाडीत बसून परत निघालो. वाटेत अक्का म्हणाली, "बाप आम्हले सांगे, हिरीकडथून हाक उनी ते ओ देऊ नका, पहिले तोंड दखा. माले वाटे, पोरे हिरमा पडतीन म्हनीसन सांगस..." विहिरीकडून हाक आली तर आधी तोंड बघा, हे वडील पोरं विहिरीत पडतील म्हणून सांगतात, असंच तिला वाटत आलं होतं.

डॉक्टरांनी दादाला ऊन लागल्याचं निदान केलं. असेल. ओला हात म्हणजे घाम, असंही मी स्वतःला समजावलंय. प्रतिध्वनीचंही गणित मांडून पाहिलं, पण प्रतिध्वनीला आधी कुणीतरी बोलावं लागतं. आणि तो आवाज आम्ही तिघांनीही ऐकला.

दादा आता ठणठणीत आहे, कामावर जातो, हसतो-बोलतो. फक्त मी दुसऱ्या खोलीतून हाक मारली की तो ओ देत नाही. दारापर्यंत येतो, हळूच डोकावून माझा चेहरा बघतो... आणि मगच विचारतो, "काय गं?"