लिफ्टमध्ये न मावलेली काठी

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. चोर एका गावचा आठवतो आणि पंच भलत्याच गावचे. जव्हारच्या लिफ्टची केस मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. त्यात ना खून होता, ना दरोडा. वर्तमानपत्रात तिच्यावर एक ओळही आली नाही. तरीही माणसाची चौकशी कशी करावी, हे मी त्या केसमध्ये शिकलो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं आणि मी तिथे फौजदार होतो. रोजचं काम म्हणजे खैराच्या लाकडाची चोरी, हातभट्ट्या, बांधावरून झालेली डोकेफोड आणि आठवडी बाजाराचा बंदोबस्त. गावात एका ट्रस्टचा दवाखाना होता. तळमजल्याच्या भिंतींना पावसाळाभर ओल यायची, म्हणून बाळंतिणींचा वॉर्ड त्यांनी वरच्या मजल्यावर नेला होता. पोटुशी बाई जिना कशी चढणार, म्हणून मुंबईच्या कुणा देणगीदाराने लिफ्ट बसवून दिली. गावातली ती पहिलीच लिफ्ट. सुरुवातीला लोक आजारी नसतानाही ती बघायला यायचे, आणि त्यांना हाकलायला माझा एक शिपाई अडकून पडायचा.

एका सकाळी दवाखान्याचा शिपाई धापा टाकत ठाण्यात आला. लिफ्टमध्ये माणूस चेंगरला, अशी वर्दी त्याने दिली. स्टेशन डायरीत नोंद करून जमादारांना घेऊन मी निघालो.

सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरचा म्हातारा आणि त्याचा मुलगा घरातल्या सुनेला बाळंतपणासाठी झोळीत घालून घेऊन आले होते. झोळी म्हणजे दोन्ही टोकांनी बांबूच्या काठीला बांधलेलं लुगडं. पुढे एक खांदा, मागे एक खांदा आणि मध्ये आजारी माणूस. तिकडच्या पाड्यांवर तेव्हा हीच रुग्णवाहिका होती. लिफ्ट वर जायला लागली आणि लिफ्टच्या कडेबाहेर, दरवाजापर्यंतच्या फटीत डोकावलेलं काठीचं टोक वरच्या मजल्याच्या कडेखाली अडकलं. पुढे असलेल्या म्हाताऱ्याचा हात काठी आणि भिंतीच्या मध्ये सापडला. काठी मोडली, झोळी खाली आली. आरडाओरडा ऐकून लिफ्टमनने तडक मेन स्विच पाडला, नाहीतर प्रकरण हातावर भागलं नसतं. सून सुखरूप होती, तासाभरात बाळंतही झाली. म्हाताऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र गेली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं.

पंचनाम्यात एक गोष्ट लगेच सापडली. लिफ्टला आतून सरकती जाळी होती. ती पूर्ण लागली की वरचा एक खटका दाबला जायचा आणि मगच लिफ्ट हलायची. त्या खटक्यात बांबूची पाचर बसवलेली होती. जाळी उघडी असली तरी लिफ्टला वाटावं, ती लागलेलीच आहे. म्हणजे हा अपघात आपोआप झालेला नव्हता. कुणीतरी हाताने हा प्रकार केला होता. निष्काळजीपणे जबर दुखापत, असा गुन्हा मी नोंदवला.

खबर मिळायला वेळ लागला नाही. दवाखान्यासमोर चहाची टपरी होती आणि तो चहावाला आमचा जुना खबऱ्या. जमादारांच्या कानाशी लागून तो म्हणाला, "वरची आया सांगत होती, याआधीपण एकदा लिफ्ट उघड्या जाळीनं वर आली होती. दुसरं कोण करील? लिफ्टच्या चाव्या त्या लंगड्याकडेच असतात."

लंगडा म्हणजे लिफ्टमन. जव्हारच्या बाजारात त्याच्या बापभावांचं पत्र्याच्या पेट्या आणि डबे करायचं दुकान होतं. लहानपणी पोलिओने त्याचा उजवा पाय गेला होता. काखेत कुबडी लावून चालायचा. वय तिशीचं. लोकांशी अदबीने बोलणारा आणि लिफ्टच्या बाबतीत भलताच कडक. लिफ्टमध्ये कुणी पान खाऊन शिरला तर हा कुबडी आडवी धरायचा.

दवाखान्याचे सेक्रेटरी त्याच दुपारी ठाण्यात येऊन बसले. "साहेब, माणूस आमचा असला तरी तुम्ही बिनधास्त अटक करा," म्हणाले. इतक्या उदार मनाने आपला माणूस पोलिसांच्या हवाली करणारे लोक पाहिले की मला खुर्चीत नीट बसवत नाही. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि लिफ्टमनला बोलावणं धाडलं.

तो आला, समोरच्या बाकावर बसला, कुबडी भिंतीला टेकवली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "साहेब, पाचर मीच लावली. कसम से. माझा जबाब लिहून घ्या."

"का लावली?"

"काठी आत मावत नव्हती. घाई होती."

"लिफ्ट वर गेली तेव्हा तू कुठे होतास?"

"बाहेर. झोळी आणि दोन माणसं आत आली की मला जागा राहत नाही. बाहेरचा लाकडी दरवाजा लावला आणि बटण दाबलं."

मी जमादारांकडे पाहिलं. जमादार मुरलेला माणूस. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "साहेब, आमच्या नोकरीत इतक्या लवकर कुणी कोंबडी चोरल्याचंसुद्धा कबूल केलेलं नाही."

ठाण्यात आलेला माणूस आधी नाही म्हणतो, मग मला आठवत नाही म्हणतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो. गुन्हेगार असो की निरपराध, ही वाट बहुतेक सगळेच चालतात. सरळ शेवटच्या पायरीवर येऊन बसणारा एकतर वेडा असतो, किंवा त्याला काहीतरी झाकायचं असतं. हा वेडा नव्हता. मी जबाब लिहून घेतला नाही. म्हटलं, "चल दवाखान्यात. कशी लावलीस, ते पंचांसमोर करून दाखव."

लिफ्टमध्ये उभं केल्यावर त्याचा चेहरा उतरला. खटका जाळीच्या वर, छताला लागून होता. धडधाकट माणसाला टाचा उंचावून हात लांबवावा लागे. याने डाव्या पायावर भार दिला, हात वर केला, बोटं वीतभर खालीच राहिली. कुबडी सोडून पुन्हा प्रयत्न केला आणि तोल गेला. जमादारांनी धरलं नसतं तर आपटला असता.

"त्या दिवशी पोचलो होतो," तो खाली मान घालून म्हणाला.

मला राग आला. माझ्यासमोर खोटं बोलतो याचा आला, आणि ते इतकं केविलवाणं बोलतो याचा जास्त आला. "बस इथेच," म्हटलं आणि जिना चढून वर गेलो.

पुरुषांच्या वॉर्डात जागा नव्हती म्हणून म्हाताऱ्याची खाट वरच्या व्हरांड्यात टाकली होती. चांगला ताडमाड माणूस. हाताला बँडेजचा गोळा. मी जवळ बसलो तसा त्याने विचारलं, "साहेब, झोळी टेकली का रं भुईला?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, "बाबा, सून बरी आहे. नात झालीय तुम्हाला."

"ता कळला मना. पन झोळी टेकली का?"

मग त्याच्या मुलाने सांगितलं. त्यांच्या पाड्यावर आजारी माणूस झोळीत घालून उचलला की ती झोळी थेट खाटेवरच उतरवायची. वाटेत भुईला टेकवतात ती तिरडी. जिवंत माणसाला वाटेत टेकवला तर तो परत येत नाही, अशी त्यांची समजूत. डोंगर उतरताना खांदेकरी बदलले, पण झोळी खाली आली नाही. मोखाड्याहून लाकडाच्या ट्रकने निघाले तेव्हाही हे दोघे हौद्यात काठी खांद्यावर घेऊन उभेच होते. असं सगळं सांभाळून जव्हारला पोचल्यावर, लिफ्टच्या दारात झोळी खाली ठेवून काठी काढा, हे ते कसं ऐकणार?

"बाबा, जाळीच्या वर पाचर कुणी खुपसली?" मी सरळच विचारलं. सरळ विचारलं की डोंगरातला माणूस सरळ सांगतो, हा माझा तिथला अनुभव.

"मींच. दुसरा कोन? आदी शेजारणीला आनली तवा जिन्यानं नेली. पायरीवर झोळी कलली, बाई उलटी घसरली. मग मी बगला, त्यो वरचा बटन दाबला का लिफ्ट चालं. दुसरे खेपंला बांबूचा तुकडा घातला. गेली वर नीट. ह्या खेपंलाबी घातला. त्या लिफ्टवाल्याची काय चूक नाय साहेब. त्यो लई सांगं, काठी काढा, काठी काढा. आमी नाय आयकला."

केस तिथेच उलगडली. कबुली देणारा गुन्हेगार नव्हता आणि ज्याने केलं तोच जखमी होऊन पडला होता.

खाली आलो तेव्हा लिफ्टमन त्याच जागी बसला होता. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, "म्हाताऱ्याने सगळं सांगितलं. आता तू सांग. सक्तमजुरीची शिक्षा झाली असती. त्या माणसाचं नावही तुला धड ठाऊक नाही. मग कशासाठी?"

त्याने कुबडीची मूठ चोळली. मग म्हणाला, "साहेब, माझी चूक निघाली तर ट्रस्टवाले माणूस बदलतील. पाड्यावरच्या लोकांची निघाली, तर हे लोक लिफ्ट वापरायच्या लायकीचे नाहीत म्हणून लिफ्टला कुलूप लावतील. सेक्रेटरी साहेब पहिल्यापासून म्हणतायत, खर्चाची कटकट आहे."

"लावू देत. तुझं काय जातं?"

"माझं?" तो हसला. "मी जव्हारमध्येच जन्मलो. पण या लिफ्टमध्ये बसेपर्यंत कुठल्या इमारतीचा वरचा मजला पाहिला नव्हता. लोक वरून खाली बघून हाक मारायचे, मी खालून मान वर करून बोलायचो. पहिल्या दिवशी वर गेलो, खिडकीतून आमच्या दुकानाचं छप्पर दिसलं. भाऊ त्यावर रंगवलेले पत्रे वाळत घालतो, हे मला तिशीत कळलं. मी गेलो तरी माझ्यासारखा दुसरा कोणी वर जाईल ना? लिफ्ट गेली तर कोणीच नाही."

जमादार उगाचच बाहेर जाऊन जीपचा टायर बघून आले.

ठाणे शहरातून लिफ्ट तपासणारे सरकारी निरीक्षक आले. बोलायला फटकळ, कामाला चोख. त्यांनी दोन गोष्टी काढल्या. खटक्यावर मुळात लोखंडी झाकण असायला हवं होतं. ते निखळल्यावर ट्रस्टने पुन्हा बसवलंच नव्हतं. झाकण असतं तर पाचर घालायला जागाच नव्हती. दुसरी गोष्ट त्याहून साधी. "ही लिफ्ट मुंबईतल्या ऑफिसात चार बाबू उभे राहून जातात, तसल्या मापाची आहे," ते सेक्रेटरींना म्हणाले. "इथे पेशंट कसा येतो हे कुणी पाहिलं होतं? लिफ्ट घ्यायच्या आधी काठी मोजायची होती."

सेक्रेटरी म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, बंदच करून टाकू. भानगड नको."

मी म्हटलं, "जरूर करा. म्हणजे उद्या जिन्यावरून एखादी बाळंतीण पडली की वर्दी घ्यायला मीच येईन आणि पहिला जबाब तुमचा लिहीन. झाकण का बसवलं नाही, या प्रश्नापासून सुरुवात करू." आवाज चढला होता, पण मी उतरवला नाही. सेक्रेटरींनी लिफ्ट चालू ठेवायचं ठरवलं.

मोठी लिफ्ट बसवायला जागा नव्हती. मग तोडगा काय? मी, निरीक्षक, लिफ्टमन आणि म्हाताऱ्याचा मुलगा, असे आम्ही त्या लिफ्टपाशी उभे राहून डोकं खाजवत होतो. लोकांची अट एकच होती, झोळी भुईला टेकायला नको. लिफ्टची अट एकच होती, काठी आत नको. दोन्ही अटी अशा शेजारी ठेवल्यावर उत्तर अवघड राहिलं नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींना जाड लोखंडी आकडे बसवायचे, झोळीच्या गाठी त्यांत अडकवायच्या आणि काठी ओढून घ्यायची. निरीक्षकांनी किती वजन पेलेल याची खात्री करून लेखी परवानगी दिली. झाकणही बसलं आणि त्याला कुलूपही आलं.

गुन्ह्याचा अहवाल मी 'क' समरीसाठी कोर्टात पाठवला. गैरसमजातून घडलेली घटना, कुणावर खटला भरण्याजोगं काही नाही. कोर्टाने तो मान्य केला.

आकडे बसल्यावर पहिली झोळी आली तेव्हा मी तिथे होतो. खांदेकरी काठी सोडायला तयार होईनात. तेवढ्यात म्हातारा पुढे आला. हाताची पट्टी बदलायला आला होता. चांगल्या हाताने त्याने दोन्ही गाठी आकड्यांत अडकवल्या, झोळीला हलकेच झोका देऊन पाहिला आणि काठी स्वतः ओढून काढली. लिफ्टमन आत शिरला, आता त्याच्यापुरती जागा होती. जाळी लागली. खांदेकरी मोकळी काठी घेऊन जिन्याने धावत सुटले आणि लिफ्टच्या आधी वर पोचून, हात पसरून उभे राहिले.

त्यानंतर माझी चौकशीची रीत बदलली. कोणी झटपट गुन्हा कबूल केला की मी लेखणी खाली ठेवायचो आणि विचारायचो, तू आत गेलास तर बाहेर काय वाचणार आहे? या प्रश्नाने मला पुढे बरीच खरी उत्तरं मिळवून दिली. कुणी मुलाला वाचवत होता, कुणी भावाला, कुणी मालकाला. अनोळखी माणसांना वरच्या मजल्यावर जाता यावं म्हणून तुरुंगात जायला निघालेला माणूस मात्र मला पुन्हा भेटला नाही.