द्वादशीला खुडलेली तुळस

मी भांडखोर आहे हे आमच्या औरंगपुऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. क्रांती चौकात अंगावर रिक्षा घालणाऱ्या एकाची मी भररस्त्यात गचांडी धरली होती, आणि ती गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती. सासूबाई म्हणत, ही सून नाही, तोफखाना आहे. मी ते तोऱ्यानं मिरवायचे. म्हणून त्या दिवसाचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मारहाण आमच्या घरात नवी नव्हती. मोठे दीर जाऊबाईंना मारत. मारण्याआधी ते मनगटावरचं घड्याळ काढून कोनाड्यात ठेवत. घड्याळ कोनाड्यात गेलं की सासूबाई देवघरात जायच्या, माझा नवरा पेपर उघडायचा आणि मी भांडी घासायला बसायचे, जरा जास्तच आवाज करत. तोफखाना तेवढाच वाजायचा.

जाऊबाईंचे वडील फर्दापूरच्या एका विश्रामगृहात स्वयंपाकी होते. लेणी बघायला येणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांसाठी ते फळांवर चुरा घालून भट्टीत भाजायचे. ते त्याला क्रंबल म्हणत, जाऊबाई सरळ चुरा म्हणत. वडील थकले, त्यांच्या जागी माणूस हवा होता. तिथल्या व्यवस्थापकानं निरोप धाडला होता, की लेकीनं एक पदार्थ करून आणावा, रात्रीच्या पाहुण्यांना आवडला तर काम तिचं. राहायला खोलीही मिळणार होती. जाऊबाईंनी घरात सांगितलं, वडील आजारी आहेत, दुपारच्या गाडीनं बघून येते. खरं फक्त मला सांगितलं. परत येणार नव्हत्या.

ज्येष्ठातली द्वादशी होती. उन्हाळा सरत आला होता, बाजारात शेवटचे गावरान आंबे होते. जाऊबाईंनी पाडाचे, जरा कडकच आंबे निवडून आणले आणि जाड फोडी केल्या. त्यांवर गूळ किसून घातला. तूप घट्ट राहावं म्हणून वाटी रात्रभर माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवली होती. कणीक, रवा, साखर आणि ते तूप. "मळायचं नाय, नुसतं चोळायचं," त्या मला शिकवत होत्या. बोटांच्या टोकांतून चुरा परातीत पडत होता. फोडींत त्यांच्या वडिलांची एक खुबी होती, सब्ज्याची कोवळी पानं. सब्ज्याचं झुडूप गल्लीच्या टोकाला बेकरीच्या मागं होतं. नानखटाईचे ट्रे आम्ही तिथंच भाजून आणायचो, बेकरीवाले चाचा कधी नाही म्हणत नसत. पानं आणायचं काम माझ्याकडं आलं.

मी निघाले, पण डोक्यात आग होती. ही चालली आपली सुटून. आता सासूबाईंचं सोवळं, दोन पुरुषांचे डबे, सगळं माझ्या बोडक्यावर. आणि वर हिच्यासाठी उन्हात पानं तोडायला मीच जायचं? अंगणातूनच मागं फिरले. वृंदावनातल्या तुळशीचे शेंडे मूठभर ओरबाडले, विळीवर बारीक चिरले आणि फोडींत कालवले. दिसायला सारखंच. जाऊबाई चुरा चोळण्यात गुंग होत्या. त्यांनी वरून चुरा पसरला आणि ट्रे मीच बेकरीत देऊन आले.

द्वादशीला तुळशीला हात लावत नाहीत. नैवेद्याचं पान सासूबाई आदल्या दिवशीच खुडून ठेवत. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? रागात आठवलं नाही, एवढंच खरं.

तासाभरानं सासूबाई पाणी घालायला अंगणात गेल्या आणि बोडकी तुळस बघून तिथंच मटकन बसल्या. परातीत उरलेला चुरा, विळीवर हिरवे डाग, हे सगळं जाऊबाईंच्या पुढ्यात. कुणी मला काही विचारलंच नाही. दिरांनी घड्याळ काढलं.

मी मोरीशी उभी होते. तोंड उघडलं असतं तर तिथंच थांबलं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं. पण उघडलं नाही. दिरांनी जाऊबाईंना केसाला धरून चुलीपासून दारापर्यंत ओढलं. लाथ घातली. मग बसायचा पाट उचलला. जाऊबाईंनी डोक्यावर हात धरला आणि पाट उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो. वाळली शेंग मोडावी तेवढाच.

तेव्हा मी म्हणाले, "तुळस मी खुडली."

दीर थांबले. माझ्याकडं नीट बघितलं. ऐकू आलं होतं त्यांना. "तू मधी बोलू नको," म्हणाले आणि पाट पुन्हा उचलला.

तुळशीचा काही संबंधच नव्हता. लग्न होऊन सहा वर्षं मी त्या घरात होते आणि हे मला त्या क्षणी कळलं. खलबत्त्यातला बत्ता हातात कधी आला ते आठवत नाही. पहिला घाव त्यांच्या खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. ते ओरडून खाली बसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. तिसरा डोक्यातच घालणार होते.

तेवढ्यात माझा नवरा आला. वहिनीच्या किंकाळ्यांना तो बाहेर आला नव्हता, भावाच्या एका ओरडण्याला आला. त्यानं माझ्यावर आजवर कधी हात उचलला नव्हता. मी माहेरी अभिमानानं सांगायचे, आमचे हे तसले नाहीत. त्यानं माझा हात पिरगाळून बत्ता काढला आणि कानाखाली अशी दिली की मी भिंतीवर जाऊन आपटले. डाव्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं. मग भावाला आधार देऊन तो दवाखान्यात घेऊन गेला.

जाऊबाई उठल्या. डाव्या हातानं तोंड धुतलं, लुगड्याच्या फडक्यानं मनगट माझ्याकडून बांधून घेतलं आणि म्हणाल्या, ट्रे आणायला जाऊ. चाचांनी आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघितलं आणि ट्रे गोणपाटात बांधून दिला. चुरा छान लाल भाजला होता, कडेनं आंब्याचा रस उकळून वर आला होता.

बसस्थानकावर त्यांना गाडीत बसवलं आणि मी खाली उभी राहून सगळं सांगितलं. पानं का नाही आणली, राग कशाचा होता, आधी का गप्प राहिले. त्या खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर गरम ट्रे, मोडका हात छातीशी. मला वाटलं थुंकतील तोंडावर. थुंकायलाच हवं होतं.

"तू बी चल," त्या म्हणाल्या. "माझा हात तर कामाचा नाय आता. चुरा चोळायला तुझा हात हाये. तिथं दोघींना पुरंल."

शेजारची जागा रिकामी होती. कंडक्टर तिकिटं फाडत मागं येत होता.

"बाई, संध्याकाळचा स्वयंपाक राहिलाय," मी म्हणाले.

 त्यांनी मान वळवली आणि ट्रे नीट धरला. गाडी सुटली.

स्वतःच्या रागाचं मी आयुष्यभर कौतुक करून घेतलं. भाजीवाल्यांवर काढला, रिक्षावाल्यांवर काढला, एकदा दिराच्या गुडघ्यावरही काढला. त्या जागेवर जाऊन बसायला तो पुरला नाही. याची मला लाज वाटते, अजून वाटते.

त्या संध्याकाळी मी भाकरी थापली, वरण केलं. सुजल्या गालानं ताट वाढलं. नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, वरणात मीठ कमी आहे.

मी उठले आणि मीठ आणून वाढलं.