‘आज न्हाई सांगत’ म्हणणारा मन्मथ

मन्मथचा फोन आला की मी आधी गॅस बंद करायची. करपलेल्या भाज्या बऱ्याचदा खाल्ल्यावर आलेलं हे शहाणपण. त्या सकाळीही मोबाइलवर त्याचं नाव दिसलं, मी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि म्हटलं, “बोल बाबा, आज कोणावर घसरायचंय?” पलीकडून त्याच्या बायकोचा, सुवर्णाचा आवाज आला. “प्रज्ञाताई, हे गेले. पहाटे छातीत दुखलं अन्…” आणि तिनं फोन ठेवला. त्या नंबरवरून मला आलेला तो सगळ्यात छोटा फोन. किनवटहून निघाले ती संध्याकाळी रेणापूरला मातीलाच पोचले. आमच्यात देहाला अग्नी देतात, लिंगायतांत बसवून माती देतात. कपाळभर विभूती, गळ्यात फुलं, मांडी घातलेला मन्मथ. एवढी माणसं समोर असताना हा गप्प बसलाय, हे काही मला पटेना. मला चक्क राग आला त्याचा.

आता महिना उलटून गेलाय, राग ओसरलाय, म्हणून लिहायला बसले आहे. डॉ. मन्मथ शेटकार हा लातूरच्या एका फार्मसी कॉलेजात प्राध्यापक होता आणि त्याच्या नावावर औषधाचं एक पेटंट होतं, एवढं वर्तमानपत्रात आलं. ते पेटंट मिळवायला या माणसाला काय करावं लागलं, ते मात्र कुठं आलं नाही. त्याला गप्प बसावं लागलं! ज्यांनी मन्मथला ऐकलंय त्यांना या वाक्याचं वजन कळेल.

आमची ओळख नांदेडची. फार्मसीला आम्ही एका वर्गात होतो. मी नांदेडचीच, तो रेणापूरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, भुसार दुकानदाराचा मुलगा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनाच यानं उलट प्रश्न विचारले आणि त्यांचा चहा गार केला. कोणाचं काही गुपित कळलं की संध्याकाळपर्यंत ते मेसच्या आचाऱ्यालाही माहीत असायचं. त्यात दुष्टपणा नव्हता. जे कळलं ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला ते पुरतं कळल्यासारखंच वाटायचं नाही. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात ना, तो या घराण्याचा वारसा होता. त्याचे वडील, आप्पा, दुकानात बसून सगळ्या मोंढ्याची खबर ठेवायचे आणि वाटायचेही. शिकून तो लातूरला शिकवायला लागला आणि मी सरकारी नोकरीत किनवटला आले. कागदोपत्री माझं पद ‘औषध निर्माण अधिकारी’. निर्माण मी आजतागायत काही केलेलं नाही, खिडकीतून गोळ्या दिल्या. निर्माण केलं ते मन्मथनं, आणि ते माझ्या एका चिडक्या फोनमुळे.

किनवटकडच्या जंगलातल्या गावांत सिकलसेल आहे. रक्ताचा आजार, आईबापाकडून लेकरात येणारा. दुखणं उठलं की हाडं अशी ठणकतात की लेकरू जमिनीवर लोळतं. त्यावर एक जुनं, चांगलं औषध आहे, पण ते आमच्याकडे यायचं मोठ्या माणसाच्या मापाच्या कॅप्सूलमध्ये. मग निवासी शाळांच्या वसतिगृहांत अधीक्षिका काय करायच्या? कॅप्सूल उघडायची, पूड कागदावर ओतायची आणि नखानं तिचे भाग करायचे. औषध जहाल, उघड्या हातानं शिवू नये असं. एका पोरीला जास्त जायचं, दुसरीला नुसती वरवर. त्यात ते दमट हवेत खराब होतं आणि कडू तर इतकं की निम्मी लेकरं थुंकून टाकायची. एकदा हे डोळ्यांनी पाहून आले आणि तशीच मन्मथवर फोनवर तुटून पडले. “तुम्ही प्राध्यापक लोक नुसते पेपर छापा! इथं लेकरं कागदावरची पूड चाटून राहिलीत.” तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “मला दाखीव.” आणि पुढच्याच रविवारी तो किनवटला हजर.

औषध जुनंच राहणार होतं. नवी हवी होती ती गोळी, लेकराच्या मापाची. चमचाभर पाण्यात तिचे बारीक दाणे मोकळे व्हावेत, कडू लागू नये आणि किनवटच्या पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत ती टिकावी. दाण्यांवर कशाचा तरी लेप द्यावा लागणार होता. बाहेरून आणलेले लेप महाग पडत. मन्मथ काही वर्षं त्याच्यामागे लागला आणि शेवटी सापडलं ते आप्पांच्या दुकानात. सोयाबीनचं तेल काढल्यावर उरते ती पेंड. तिच्यातलं प्रथिन वेगळं काढून, एका एन्झाइमनं त्याची वीण घट्ट करून, त्यात थोडं मेण मिसळून त्यानं लेप बनवला. पाण्याची वाफ त्यातून आत जाईना आणि चमच्यातल्या पाण्यात मात्र दाणे सुटे होत. ज्या दिवशी हे जमलं त्या दिवशी तो मला फोनवर म्हणाला, “प्रज्ञा, मी आत्ता गच्चीवर जाऊन वरडणार हाव.”

ओरडायचं नव्हतं. हैदराबादचे एक वकील, रावसाहेब, पेटंटची कामं करायचे. त्यांनी आम्हाला समोर बसवून दक्खनीत सांगितलं, “सर, अर्ज दाखिल होने तक मुँह बंद. एक बार लोगों में बोल दिए, तो वो नया नहीं रहता. फिर पेटंट भूल जाओ.” आणि पेटंट नसेल तर कोणी कारखानदार या गोळीला हात लावणार नव्हता. गरिबांच्या लेकरांची गोळी, तिच्यात नफा तो किती? पेटंट हातात असलं तरच मन्मथला अट घालता येणार होती की बाहेर काय भावानं विकायची ते विका, सरकारी वसतिगृहांना स्वस्तात द्या. म्हणजे किनवटच्या पोरींची गोळी आता मन्मथच्या जिभेवर अवलंबून होती. हे ऐकून मला घाम फुटला. अर्जाआधी गोळी एक उन्हाळा आणि एक पावसाळा ठेवून तपासायची होती. तेवढा काळ हा माणूस गप्प? त्यानं घरी सांगितलं नाही, सुवर्णाला नाही, आप्पांना तर नाहीच. भाजी कशी झाली विचारलं तरी तो नुसता मान हलवायचा, म्हणून सुवर्णानं त्याला डॉक्टरकडे नेलं होतं.

पण बिंग फुटायचं ते थोडं फुटलंच. तो कसलं तरी औषध करतोय एवढं त्याच्या आईला, अव्वाला, कुठून तरी कळलं आणि अव्वानं ते मठात सांगितलं. झालं! आपल्याकडे माणसानं काही केल्याचा नुसता वास आला तरी आधी त्याचा सत्कार ठरतो. मोंढ्यात मांडव पडला, फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे चेहरे मोठे, मन्मथचा कोपऱ्यात, आणि खाली ‘सर्व रोगांवर रामबाण औषध शोधणारे थोर शास्त्रज्ञ’. नाही म्हणायची सोय नव्हती, आप्पांचे पेढे वाटून झाले होते. मी पहारेकरी म्हणून पहिल्या रांगेत बसले. शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा झाला. एक पत्रकार मोबाइल उंच धरून सगळं थेट दाखवत होता. मन्मथ माईकपुढं उभा राहिला आणि मागून कोणीतरी म्हणालं, “सर, औषध कशापासून केलं ते सांगा की!” समोर थप्पीला सोयाबीनची पोती लागलेली. मी त्याच्याकडे असे डोळे वटारले की बस्स. तो ओठ चावत राहिला. मग म्हणाला, “आज न्हाई सांगत.”

“म्हंजी?”

“सांगीन. पण आज न्हाई.”

“आवो, शोधलंय का न्हाई मग?” दुसरा ओरडला. मांडव हसला. “काहून भाव खाऊन राहिला,” कोणी म्हणालं. “शोधलं असतं तर बोलला नसता का, ह्यो तर बोलायचा थांबत न्हाई!” असंही एक आलं. मन्मथ फेट्यासकट खाली बसला. आप्पा मात्र उठले आणि कोणाशी न बोलता दुकानाकडे चालते झाले. आम्ही मागोमाग गेलो तर ते तराजू पुसत होते. मन्मथकडे न बघता म्हणाले, “खरेदीचा भाव मी बी कुणाला सांगत न्हाई. पर गिऱ्हाइकाला असं तोंडावर पाडत न्हाई. धा गावची माणसं आली व्हती, मन्मथा.” त्या वेळी त्यांच्या कानात दोन शब्द सांगायला काय लागत होतं? पण आप्पांना सांगणं म्हणजे मोंढ्याला सांगणं, हे लेकाला ठाऊक होतं. त्यानं नुसता बापाच्या पायांना हात लावला. परतताना गाडीत तो रडला. मी त्याला त्यापूर्वी रडताना पाहिलं नव्हतं. तो व्हिडिओ पुढं कितीतरी दिवस रेणापूर-औशापर्यंत या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत होता आणि लोक पोट धरून हसत होते.

अर्ज दाखल झाला. आणि मग, पेटंट मिळायच्या तोंडावर, एका कंपनीनं हरकत घेतली. तिचं नाव घेऊन तिला मोठं करायची माझी इच्छा नाही. हरकत अशी, की हा शोध अर्जाच्या आधीच रेणापूरला जाहीर समारंभात सांगितला गेला, सबब तो नवा नाही. पुरावा म्हणून त्यांनी काय जोडावं? सत्काराचा व्हिडिओ! कंपनीतल्या कोणाला मराठी येत नसावं. फेटा दिसला, माईक दिसला, फ्लेक्सवर ‘शास्त्रज्ञ’ दिसलं, त्यांना वाटलं सगळं सांगून टाकलं असणार. आपल्याकडे माईक हातात घेऊन कोणी काहीच सांगत नाही, हे कोणाच्या स्वप्नात तरी येईल का? रावसाहेब फोनवर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग आम्ही त्या व्हिडिओचं ओळीनं इंग्रजी भाषांतर केलं, शपथेवर. रावसाहेब मला विचारायचे, “मॅडम, ये ‘भाव खाना’ इंग्लिश में कैसा लिखूँ?” मांडवातली एकेक टवाळी आम्ही नीट, क्रमवार, अदबीनं इंग्रजीत उतरवली.

सुनावणी संगणकाच्या पडद्यावरच झाली, लातूरच्या कॉलेजातल्या एका खोलीत. पेटंट कार्यालयाच्या अधिकाऱ्यांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला, भाषांतर हातात धरून. मन्मथची मान खाली. एवढ्या मोठ्या लोकांपुढं पुन्हा एकदा तोच फेटा, तेच हसणं. संपल्यावर त्यांनी इंग्रजीत एकच विचारलं, “हे तुम्ही आणखी कुठं सांगितलं होतं का?” मन्मथनं मान वर केली आणि पुन्हा एक आखूड उत्तर दिलं, “नाही सर. वडिलांनाही नाही.”

पेटंट मिळालं! ज्या व्हिडिओनं त्याची लाज काढली, त्यानंच त्याच्या बाजूनं साक्ष दिली. मला फोन आला तेव्हा “मिळालं” एवढंच म्हणून तो नुसता हुंदके देत होता, आणि मी दवाखान्याच्या खिडकीत रांग ताटकळत ठेवून नाचले. खरंच नाचले. लोकांना वाटलं बाईला वेड लागलं.

दुसरा सत्कार त्यानं स्वतःच मागितला, मोंढ्यातच, त्याच जागी. आप्पांना खुर्ची मधोमध. शाल-श्रीफळ नको म्हणाला, फळा आणि खडू द्या. दुकानातून मूठभर पेंड आणली आणि वर धरली. “हे बगा. हे तुमी म्हशीला घालता. ह्याच्यात माझं औषध व्हतं. त्या दिशी तुमच्या म्होरंच पडलं व्हतं!” आणि सुटला. प्रथिन, एन्झाइम, मेण, चमच्यातलं पाणी, किनवटच्या पोरी, रावसाहेब, कंपनी… सगळं. पेटंटचा कायदाच त्याला फार आवडला होता. तो म्हणायचा, “लोकांना वाटतं पेटंट म्हंजी लपवणं. उलटंय. सगळं उघडून सांगायचं असतंय, कुणालाही वाचता यावं असं. निस्तं येळ साधून सांगायचं.” हमालांनी पोत्यांवर बसून ऐकलं. दिवे लागले तरी तो थांबेना. शेवटी आप्पाच उठले, पेढ्याचा डबा घेऊन आले आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले, “येवढंच व्हतं तर त्या दिशी माज्या कानात सांगायचं की, लेका.”

“तुमच्या कानात सांगितलं असतं आप्पा, तर मोंढ्याच्या कानात गेलं असतं.”

सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं हसले ते आप्पाच. लेकाच्या मातीला ते होते. माझा हात हातात घेऊन इतकंच म्हणाले, “त्यानं सगळं सांगून ठिवलं, पोरी. काय ठिवलं न्हाई पोटात.”

गोळी निघाली. सरकारी वसतिगृहांत ती मन्मथनं घातलेल्या अटीच्या भावानं येते. डॉक्टर वेळच्या वेळी पोरींचं रक्त तपासतात, कागदावर पूड आता कोणी ओतत नाही. मन्मथ सुट्टी मिळाली की किनवटला यायचा आणि पोरींना गोळा करून ती गोळी कशी झाली ते शिकवायचा. मी म्हणायची, “अरे, गोळी घेतली की झालं, कशाला एवढं?” तो ऐकायचाच नाही.

गेल्या आठवड्यात तिथल्याच एका वसतिगृहात गेले होते. सर गेल्याचं पोरींना कळलं होतं. एक चिमुरडी या वर्षी नवीन आली आहे, औषध म्हटलं की भिंतीला चिकटते. तिच्यासमोर नववीतली वनिता चमचा घेऊन बसली होती. मी समजवायला पुढं झाले, तर वनितानं हातानंच मला थांबवलं. “बघ,” ती चिमुरडीला म्हणाली, “ह्याच्यावर सोयाबीनचा सदरा हाय. सोयाबीन कुठं असतंय? लातूरला. तिथं एक सर व्हते…” आणि तिनं सुरू केलं. पेंडीपासून. मेणाचं, वाफेचं, वकिलाचं, फेट्याचं, आप्पांचं. भाव खाण्यावर दोघी हसल्या. मी खाटेवर टेकले. जेवणाची घंटा झाली, बाकीच्या पोरी ताटं घेऊन पळाल्या. चिमुरडीनं चमचा केव्हाच चाटूनपुसून रिकामा केला होता, आणि वनिता अजून सांगतच होती.