सोयर ऐकलं की लागतं

आमच्या घरात बाळ जन्माला येत होतं आणि ते कोणालाही कळू द्यायचं नव्हतं.

दिवस गणेश चतुर्थीचा. मिरजोळ्याच्या अलीकडे आमचं घर आहे. मोठे दीर, जाऊबाई आणि आम्ही दोघं, सगळ्यांची चूल एकच. दिरांच्या सुनेला पहाटे कळा सुरू झाल्या, म्हणून त्यांचा मुलगा तिला रत्नागिरीतल्या दवाखान्यात घेऊन गेला. दिवस भरायला अजून दोन आठवडे होते. माझ्या यादीत ‘बाळंतपणाची तयारी’ विसर्जनाच्या नंतर होती, पण बाळाला माझी यादी कुठे माहीत!

आमच्याकडची रीत अशी. भावकीत मूल जन्मलं की दहा दिवस सोयर. त्या दिवसांत घरच्यांनी देवाचं करायचं नाही, गणपती तर बसवायचाच नाही. पण या नियमाला मागचं दार आहे. सोयर ऐकल्यापासून लागतं. बातमी कानावर आलीच नाही तर लागलं नाही. आणि एकदा मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली, की मग कळलं तरी गणपतीला बाध येत नाही. कोकणातल्या कितीतरी घरांनी हे दार वापरलंय. पोस्टमनला पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगणारी माणसंही मला माहीत आहेत.

मुलगा निघताना दिरांनी त्याला बजावलं होतं, “मूर्ती बसेपर्यंत काहीही कळवायचं नाही. काहीही म्हणजे काहीही.” मग घरातले मोबाईल गोळा करून त्यांनी कपाटात ठेवले. माझा तेवढा राहिला, कारण भटजी आणि फुलवाला दोघेही माझ्याच नंबरवर होते. दिरांना दुष्ट समजू नका. त्यांच्या आजोबांपासून या घरात गणपतीला एकदाही खंड पडलेला नव्हता, आणि तो आपल्या हातून पडेल या धास्तीनं सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

मी पत्री निवडत असताना फोन वाजला. पुतण्या.

“काकू, मी काही सांगत नाहीये.”

“नको सांगूस.”

“पण तुम्ही इकडे येऊ शकाल का?”

“कशाला रे?”

“तेच तर सांगायचं नाहीये ना!”

मागे एक बाळ टाहो फोडून रडत होतं. दवाखान्यात बाळं काय कमी असतात, असं मी मनाला समजावलं. पण पुढे पुतण्याचा आवाजच बदलला. “ती सारखी रडतेय काकू. आई हवी म्हणते. तिची आई सोलापूरहून निघालीय, पण आंबा घाटात दरड आलीय, गाडी तिथेच अडकून पडलीय. मला औषधं आणायला खाली जायचंय आणि तिला एकटीला टाकवत नाही.”

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात वहिनी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, मोदकाच्या कळ्या पाडत होत्या.

“कोण होतं गो?”

“फुलवाला.”

“फुलवाल्याशी बोलताना रडवेलं तोंड होतं तुझं?”

दीर बाहेरून आत आले ते दोन्ही हात कानांवर ठेवूनच. “कोणी कोणाशी काही बोलू नका! भटजी येतच असतील.”

मी तोडगा काढला. तोडगे काढणं हेच माझं या घरातलं काम. “भावजी, मी जाते. मूर्ती बसेपर्यंत घरात येत नाही, फोनही करत नाही. काय कळायचं ते मला एकटीला कळेल.”

दिरांना ते एकदम पटलं. मखराचे दिवे लावणारा माझा नवराही स्टुलावरून म्हणाला, “उत्तम! घरातलं एक माणूस बातमीला देऊन टाकू.”

वहिनींच्या हातातला मोदक अर्धाच राहिला. “म्हणजे हिनं जायचं. आणि मी त्या पोरीची सासू, काही कळलंच नाही असं तोंड करून तुमच्या हाताला हात लावून पूजेला बसायचं?”

“तुला काही कळलेलं नाही,” दीर म्हणाले.

“पहाटे तिची पिशवी कोणी भरली?”

“पिशवी भरली म्हणजे बातमी नव्हे.”

“अहो, मग बातमी म्हणजे आणखी काय? दवंडी?”

तेवढ्यात ओटीवर छत्री झटकल्याचा आवाज आला. भटजी. त्यांना त्या दिवशी वाडीतली सगळी घरं उरकायची असतात, त्यामुळे ते दारातूनच कामाला लागतात. पाट सरकवला, पळी-पंचपात्र मांडलं आणि दरवर्षीचा प्रश्न दरवर्षीच्याच सुरात टाकला, “सोयर-सुतक काही नाही ना?”

दरवर्षी तो प्रश्न पुरा व्हायच्या आत दीर ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. त्या दिवशी ते उपरण्याचं टोक पिळत राहिले. चुलीवर मोदकपात्रातलं पाणी खदखदत होतं.

आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात असं काही लख्ख उजाडलं, की हातातल्या दूर्वा खाली पडल्या. मला वाटायचं, धर्म सोवळ्याओवळ्याचं बघतो आणि नीती बऱ्यावाईटाचं, दोघांची खाती वेगळी. पण इथे तर दोघं एकाच उंबऱ्यावर उभी होती! शेजारी कण्हतोय हे ऐकल्यावर मी घरात बसून राहू शकत नाही. ऐकलं की बांधली गेले. सोयरही तेच म्हणतं, ऐकलं की लागतं. दोन्हीकडे कान प्रामाणिक आहे हे धरून चाललेलं. ज्याला खरंच माहीत नाही त्याला दोष नको, म्हणून केलेली सवलत होती ती, आणि आम्ही ती ज्यांना माहीत करून घ्यायचं नाही अशांच्या सोयीची करून टाकली होती!

दिरांनी मूर्तीकडे पाहिलं. तिच्या तोंडावर अजून रुमाल होता.

“आहे बहुतेक,” ते म्हणाले.

“बहुतेक म्हणजे?”

“बातमी ऐकलेली नाही.”

“ऐकली नाही तर ‘आहे’ कशावरून म्हणता?”

“न ऐकण्यासाठी सकाळपासून जी धडपड चाललीय, त्यावरून.”

भटजी पोट धरून हसले. “अहो, मग परगोत्राचं कोणी बसवा पूजेला! शेजारी आहेत ना? नैवेद्यही त्यांच्याच घरचा आणा. गणपती काय रुसणार नाही.”

पुढची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. नवरा कुंपणावरून ओरडत शेजारी गेला. शेजारी ओल्या केसांनी, सोवळं सावरत धावत आले. मागून त्यांची बायको मोदकांचं ताट घेऊन. मी यादीच्या निम्म्या ओळी खोडल्या आणि त्या खोडताना मला इतका आनंद झाला, की पेन कागदातून आरपार गेलं. वहिनींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला, मुलाला लावला आणि बोटाचं पीठ त्याला फासत म्हणाल्या, “आता सांग रे!”

“आई, मुलगी!” तो इतक्या जोरात ओरडला की भटजींनी तिकडून “शुभं भवतु” म्हटलं. दीर पायरीवर बसले आणि म्हणाले, “मला कोणी चहा देईल का?”

आमचे मोदक आता नैवेद्याला चालणार नव्हते. मी ते गरम गरम डब्यात भरले आणि वहिनींना रिक्षात घातलं. वाटेत मी बडबडत होते. सोयराच्या दहा दिवसांत देवाचं करायचं नाही याला आपण आजवर मनाई समजलो. कदाचित ती रजा असेल! देवच म्हणत असेल, माझं दुसरं कोणी करील, तुम्ही त्या बाळंतिणीकडे बघा. शास्त्रात असं लिहिलंय की नाही मला ठाऊक नाही. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “डबा सरळ धर. तूप सांडतंय.”

दवाखान्यात सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. पावलं ऐकून वळली आणि दचकलीच. “आई, तुम्ही? आज? आणि गणपती?”

“बसतोय की. शेजाऱ्यांच्या हातून बसतोय.” वहिनी तिच्या उशाशी टेकल्या. “तुझ्याकडेही शेजारणीला पाठवायचं होतं का मी?”

पोर हसायला गेली आणि त्यांच्या पदरात तोंड खुपसून रडली. पुतण्या नुसता उभा होता, हातात औषधांची चिठ्ठी तशीच. ती मी त्याच्याकडून काढून घेतली, बाळाचं एक इवलंसं नाक पाहून घेतलं आणि खाली निघाले. त्या दोघींच्या मध्ये त्या वेळी कोणालाच जागा नव्हती.