वजनाचा दिवस

आमच्या गावच्या अंगणवाडीत महिन्यातून एकदा पोरांचं वजन होते. त्या दिवशी आम्ही पाच-सहा आया ओट्यावर बसतो. पोरांचं वजन वाढो न वाढो, गोष्टी मात्र दर महिन्याला वाढतात!

*

माझी परी सहा महिन्यांची होती. नर्सबाईंनी झबलं काढलं, तर कमरेवर निळा डाग.

"कोणं मारलं व इले?"

मला रडूच आलं. सेविका शोभाताई म्हणाल्या, "जन्माचा डाग आहे तो. मोठी झाली का जाते."

तेव्हापासून कोणी विचारायच्या आधी मीच सांगते. मोहाडीच्या बाजारात भाजीवालीलाही सांगितलं. ती म्हणाली, "बरं माय, वांगे किती देऊ?"

*

मग परी चालायला लागली आणि ओट्यावरून पडली. कपाळाला हे टेंगूळ! तिला कडेवर घेऊन मी धावत शोभाताईंकडे. "ताई, पडली जी! मी नाही मारलं!"

त्या हसल्या. "मारणारा कधी दाखवाले येते का व?"

*

एप्रिलात चार वर्षांची मोनी वजनाला आली, लांब बाह्यांचा स्वेटर घालून. आम्ही पदरानं वारा घेत होतो! बाप म्हणाला, "सर्दी आहे." शोभाताईंनी बाही वर केली. हातावर पट्टे, एकाशेजारी एक. काही पिवळे पडलेले, काही ताजे.

"पडली," बाप म्हणाला.

पडून असे पट्टे उठत नाहीत. एवढं सातवी शिकलेल्या मलाही कळते.

*

शोभाताई मला घेऊन ठाण्यात गेल्या. हवालदारानं विचारलं, "हाड मोडलं का?"

"नाही," शोभाताई म्हणाल्या.

"मग एनसी होते, नुसती नोंद. कोर्टात जा लागते तुमाले. हाड मोडलं असतं तं आत्ताच उचललं असतं त्याले."

"म्हणजे हाड मोडेपर्यंत थांबू का जी?"

"मॅडम, कायदा मी थोडीच बनवला!"

मग शोभाताईंनी भंडाऱ्याला बालसंरक्षणाच्या ऑफिसात अर्ज दिला. फोन केला की म्हणतात, "साहेब चौकशीले येऊन राहिले." अजून येऊनच राहिले आहेत!

*

मे महिन्याच्या वजनाला मोनी आली. स्वेटर होताच. आपली पाळी येईपर्यंत ती परीच्या बाहुलीला फडक्यात गुंडाळत बसली. बाहुलीचे दोन्ही हात पार झाकून टाकले.

मी म्हटलं, "काहून व मोनी, एवढ्या उन्हात? तिले गरम नाही होत?"

"आज तिचं वजन हाय न, काकू."