दोन मिनिटांचं कुलूप

टॉवेलच्या कारखान्यात कापसाचे बारीक तंतू कुठंही जाऊन बसतात. भुवयांवर, चहाच्या कपात, देवाच्या फोटोवर. किस्सेही तसेच साठतात. मला चारचौघांत फारसं बोलवत नाही, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

मी नववीत शाळा सोडली, कम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात काम शिकलो आणि आता अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्याच्या ऑफिसातले कम्प्युटर सांभाळतो. गेल्या वर्षी आमच्या टॉवेलचं नवीन डिझाइन फुटलं. जेवणाच्या सुट्टीत स्क्रीन उघडी राहिली होती, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून नेला. आमचा माल तयार व्हायच्या आत शेजारच्या कारखान्याचा तसाच टॉवेल दुकानात टांगलेला!

यंदा नव्या डिझाइनचं काम सुरू झालं, तसं मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"भारत, सगळ्या कम्प्युटरला कुलूप लाव. यंदा डाळिंबाचं डिझाइन हाय. ते बाहेर गेलं, तर त्याच्या मागनं तू पण बाहेर."

आमच्या घरात माझा एकट्याचाच पगार येतो. मी त्याच दिवशी सेटिंग करून टाकलं. दोन मिनिटं कुणी हात लावला नाही की स्क्रीन लॉक. मग पासवर्ड टाकल्याशिवाय काही दिसायचं नाही.

मला वाटलं, काम झालं.

* * *

पहिला धक्का बिराजदार काकांनी दिला. ते आमचे अकाउंटंट, अक्कलकोटहून रोज येतात. काका एक आकडा टाइप करतात, मग विचार करतात, मग दुसरा. विचार चालू असतानाच त्यांची स्क्रीन लॉक झाली.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग टेबल स्वच्छ केलं, डबा पिशवीत घातला, खुर्ची आत सरकवली आणि मालकांसमोर हात जोडून उभे राहिले.

"मालक, जातो मी. पण चूक काय झाली, तेवढं तरी सांगा."

मालक उठूनच उभे राहिले. "अहो काका, झालं काय?"

"माझ्या कम्प्युटरला कुलूप लावलं की तुमी. मिलमध्ये होतो तवा बी असंच. सकाळी गेलो तर गेटला कुलूप. तवाबी आधी कुणी सांगितलं न्हवतं."

ऑफिसात कुणी हसलं नाही. मी जाऊन त्यांचा पासवर्ड टाकला. आतली आकडेमोड जशीच्या तशी बघून काका खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "लेका, कुलूप लावायच्या आधी माणसाला सांगत जा."

* * *

लता ताई फोन आणि ऑर्डर बघतात. त्यांना मी निक्षून सांगितलं, पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही.

दोन दिवसांनी बघतो तर लता ताईंची खुर्ची रिकामी, आणि आमचा चहावाला रफिकभाई एका हातात किटली धरून दुसऱ्या हातानं त्यांचा पासवर्ड टाकतोय. मी धावतच गेलो.

"ताई बोलके गये," तो शांतपणे म्हणाला. "मैं आने तक खोल के रख, नहीं तो लॉक होता."

लता ताई आल्यावर मी कसंबसं विचारलं, "ताई, पासवर्ड दिला तुम्ही?"

"मग? तो रोज येतोय की. परका हाय का तो?"

"पण कुणालाच द्यायचा नसतो, ताई."

रफिकभाई कप भरत म्हणाला, "उनको क्या बोलते, भारतभाई? तुमारा बी मालूम है मेरे कू. टाइप करते वखत ओठां हिलते तुमारे."

त्या दिवसापासून मी तोंडावर हात ठेवून पासवर्ड टाकतो. लोक विचारतात, दात दुखतोय का.

* * *

खरी काळजी होती नरसय्या अण्णांच्या मशीनची. अण्णा आमचे डिझायनर. डाळिंब त्यांच्याच कम्प्युटरवर तयार होत होतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या खोलीतून बिराजदार काका उलट्या पावलांनी बाहेर आले. घाबरले की काका कानडीत बोलतात.

"यारू इल्ल," ते म्हणाले. "कुणीच न्हाय आत. पण माऊस चालतोय."

मी आत डोकावलो. खरंच कुणी नव्हतं. माऊस टेबलावर आपोआप इकडून तिकडे सरकत होता आणि स्क्रीनवर फुटलेलं डाळिंब, लाल दाण्यांसकट, सताड उघडं!

जवळ गेल्यावर दिसलं, की माऊसला सूत बांधलंय आणि सुताचं दुसरं टोक टेबलफॅनच्या मानेला. फॅन पलीकडे वळला की माऊस ओढला जायचा, अलीकडे वळला की वायरच्या ताणानं मागे यायचा. कम्प्युटरला वाटायचं, अण्णा कामात आहेत.

अण्णा हात धुऊन आले. मी रडकुंडीला आलो होतो. "अण्णा, माझी नोकरी जाईल."

"मग दोन मिनिटाचं कुलूप कशाला लावतो रे? डिझाइनकडं दोन मिनिटं बघितलं तर नजर बी बसत न्हाय."

मी त्यांना दहा मिनिटं करून दिली आणि सूत खिशात घालून निघून आलो.

* * *

मग मी जत्रेसाठी दोन दिवस वळसंगला गावी गेलो. सगळे कम्प्युटर वेळेवर लॉक होत होते. पहिल्यांदाच मला निवांत वाटत होतं.

परत आलो तर केबिनमध्ये शेजारच्या कारखान्याचे मालक मुलीची लग्नपत्रिका घेऊन बसलेले. पाणी देण्याच्या निमित्तानं मी आत गेलो. अण्णा दाराशी उभे होते. आमचे मालक अगदी रंगात आले होते.

"गेल्या वर्षी काय झालं ते तुमाला ठाऊकच हाय. आता तसं न्हाय. आता कुलूप लावलंय."

"व्हय का?"

"हे बघा की." मालकांनी आपली लॉक झालेली स्क्रीन पाहुण्यांकडे वळवली. "पासवर्डशिवाय काय बी दिसत न्हाय. आधी कुलूप लागलं की कुठल्या तरी परदेशातल्या डोंगराचा फोटो यायचा. काल मी अण्णाला म्हणलं, डोंगराचं आपल्याला काय? आपल्या कारखान्यातलं सगळ्यात भारी जे असंल, ते लाव. लावलं त्यानं सगळ्या मशीनवर."

पाहुण्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची पुढे ओढून बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. माझ्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला.

"डाळिंब झकास हाय," ते म्हणाले. "पण दाणे जरा मोठे झालेत."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे बघितलं.

अण्णा खुशीत पुढे आले. "बघा मालक, मी बी हेच म्हणत होतो."