कावळ्याचं गाणं पुणतांब्याला नेलं तेव्हा

वसतिगृहातल्या माझ्या खोलीमित्राने स्वतः लिहिलेली, स्वतःच चाल लावलेली चार गाणी मुंबईला जाऊन स्वखर्चाने गायली आणि त्यांची छोटी रेकॉर्ड काढली. बी.ए. होऊन मी माझ्या गावी, कोल्हारला, शाळेत मास्तर झालो होतो. तो नगरला एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. माझं इंग्रजी त्याने रात्ररात्र बसून सुधारून घेतलं नसतं तर मी पदवीपर्यंत पोचलो नसतो. त्यामुळे त्याची गाणी लोकांना ऐकवणं मला माझंच काम वाटत होतं.

पहिल्यांदा स्टँडजवळच्या हॉटेलात रेकॉर्ड लावली. तीन गाणी लोकांनी चहाबरोबर ऐकली न ऐकली. चौथं कावळ्याचं. मित्राचे वडील पुणतांब्याला गोदावरीच्या घाटावर दहाव्याचे विधी करायचे. पिंडाला कावळा शिवेपर्यंत तेही अन्नाला हात लावत नसत. गाण्यातला लहान मुलगा घरी त्यांची वाट बघत कावळ्याला विनवतो, ‘शिव रे बाबा कावळ्या, बाप माझा उपाशी.’ शेवटच्या कडव्याआधी गाणारा खोकतो. पुन्हा गायची ऐपत नव्हती, म्हणून खोकला तसाच राहून गेला होता.

हॉटेलात हशा पिकला. “भटजीचं पोरगं, अन् भटजीचीच टिंगल! लई भारी!” मालक म्हणाला, “अन् ठसका फुकटात!”

कोपऱ्यात एकजण नुकताच वडिलांचा दहावा करून आलेला होता. तो कप ठेवून उठला. “मेल्या मानसाच्या घासावर गानी करत्यात व्हय, मास्तर? बंद करा ते.”

मी सुई उचलली. तोंड कुठे लपवावं कळेना.

घरी आईला हॉटेलातलं सांगितलं आणि गाणं ऐकवलं. ती म्हणाली, “टिंगल कुटं हाय यात? लेकराचा जीव तुटतोय बापासाठी. पन त्या बापानं ऐकलंय का हे?”

ऐकलं नव्हतं. वडिलांसारखं विधी करायला घाटावर बसायला मित्राने नकार दिला, तेव्हा ‘मग या घरातही येऊ नकोस’ असं वडील म्हणाले होते. तेव्हापासून तो गेला नव्हता. मी नगरला जाऊन आईचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, “तूच ऐकव त्यांना. काय म्हणतील ते जसंच्या तसं सांग. मला बरं वाटावं म्हणून पदरचं काही घालू नकोस.”

लाऊडस्पीकरवाल्याचा बॅटरीवरचा प्लेअर मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसलो. त्यांना त्यात हॉटेलवाल्यासारखी टिंगल दिसेल की माझ्या आईला ऐकू आलं ते ऐकू येईल? शिर्डी मागे पडेपर्यंत मी तीनच गाणी लावायचं ठरवून टाकलं होतं. पण दारात मी कोण ते सांगितलं, तर हातातला प्लेअर बघून ते आपणहून म्हणाले, “त्याने पाठवलंय ना? लाव सगळं.”

लावलं. ते भिंतीकडे बघत ऐकत होते. कावळ्याचं गाणं आलं, मग तो खोकला आला, आणि त्यांनी हात वर केला. मी घाबरून सुई उचलली.

“बंद नाही. जरा आधीपासून लाव.”

मी लावलं. पुन्हा खोकला. गाणं संपलं.

“इकडे हे कुठे वाजवू नकोस,” ते म्हणाले. “घाटावर लोक त्यांच्या मेलेल्या माणसासाठी येतात, माझ्या जेवणासाठी नाही.”

मी मान हलवली. जाण्यासाठी प्लेअर बंद केला, तसं त्यांनी विचारलं, “हा खोकला कधीपासून आहे?”

“हिवाळ्यापासून असेल.”

ते आत गेले आणि एक पुडी घेऊन आले. आत ज्येष्ठमधाच्या काड्या होत्या.

तसाच नगरला निघालो. आधी काय सांगू? पुडी आधी दिली, तर ते पदरचं घातल्यासारखं होईल. ‘इकडे वाजवू नकोस’ हे आधी सांगितलं, तर पुढचं तो ऐकूनच घेणार नाही. शेवटी घडलं त्याच क्रमाने सांगायला लागलो.

“म्हणजे येऊ नको,” तो मधेच म्हणाला.

मी पुडी पुढे केली.

“आईने दिली?”

“आई नव्हत्या घरात. त्यांनीच. खोकला कधीपासून आहे, विचारत होते.”

“अजून रागावलेत?”

“मला नाही कळलं,” मी म्हणालो. ते खरंच होतं.

त्याने एक काडी तोंडात धरली आणि खाटेखालची पिशवी ओढली. तिच्यात सदरा कोंबला, बाहेर काढला, परत कोंबला. “दारातून परत फिरवलं तर? मी एकटा नाही जायचा. तू चल.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. रेकॉर्ड मात्र नगरलाच ठेवली.